माचेचं बारसं

सर्कशीतल्या त्या उंच, एकाच चाकाच्या सायकलीला लोक जिराफ म्हणत्यात. म्हणोत बापडे. आमच्या टेंभुर्णीकडं जिराफ कोणाच्या बापानं पाह्यला होता? आमच्याकडं तिचं नाव माच होतं, अन् ते मी ठेवलं होतं. कोणी ऐको न ऐको, मी सांगणार.

माच म्हणजे ज्वारीच्या राखणीची. चार मेढी रोवायच्या, वर फळ्या टाकायच्या, शिडीनं चढायचं अन् गोफण घेऊन दिवसभर पाखरं हाकलायची. आमच्या वावरात हे काम माझं. नवरा पटकीच्या साथीत गेला तेव्हा मला धड लुगडं नेसता येत न्हवतं. सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं ते कायमचं. पांढऱ्या कपाळाची बाई माचेवर बरी, कोणाच्या आडवी येत न्हाई, असं गावातल्या बाया माझ्यादेखत म्हणायच्या.

धाकटा भाऊ जालन्याला सायकलच्या दुकानात कामाला होता. त्याला पहिली लेक झाली. बारशाला नाव आत्यानं ठेवायचं असतं, अन् आत्या मी एकटीच. आठ दिवस मनात नाव घोळवत होते. बारशाच्या दिवशी मायनं मला सांगितलं, "तू मागच्या खोलीत बस, बाई." नाव ठेवायला धावड्याहून कोणी लांबची चुलत आत्या आणली. मी भिंतीआडून पाळणा ऐकला. पाहुणे गेल्यावर भाऊ मागं आला, डोळे पुसत म्हणाला, "आक्का, मी लई सांगून पाह्यलं. माय ऐकतच न्हाई."

त्या दिवसापासून मी मायशी तुटक बोलू लागले. तिनं भाकर वाढली तरी मान वर करायची न्हाई.

पुढच्या साली भावानं ते खूळ केलं. जुन्या सायकलीचं एक चाक घेतलं, लोहाराकडून त्याच्यावर पुरुषभर उंच पाइप सांधून घेतला, माथ्यावर सीट अन् पायडल, तिथून खाली चाकापर्यंत लांब साखळी. झालं सगळं बराबर, पण चढायचं कुठून? जमिनीवरून तर बिलकुल जमंना. मंग तो माझ्या माचेवर आला. मी फळीवर पालथी पडून दोन्ही हातांनी सीट धरायची, तो वरून पाय टाकायचा अन् म्हणायचा, "सोड, आक्का." पडला, खरचटला, परत चढला. एक दिवस सोडलं अन् तो जो निघाला, तो वावराच्या बांधावरून, धुऱ्याधुऱ्यानं थेट विहिरीपर्यंत गेला. ज्वारीच्या कणसांवरून त्याचं धड तेवढं सरकून राह्यलं होतं. मी वरून वरडले, "अगं माय, माच चालायला लागली!"

त्यालाही हसू आवरंना. म्हणाला, "हे माझं दुसरं लेकरू, आक्का. याची आत्या तू. तू ठेवलं तेच नाव. राजूरच्या जत्रेत सगळ्यांदेखत तुला आत्याचा खण-नारळ देईन, मंग पाहू कोण तोंड उघडतंय."

मला काय वाटलं ते कसं सांगू? इतक्या वर्षांत माझ्या हातून काही शुभ होईल असं कोणी म्हणलं न्हवतं. अन् नाव चाललं की! तो दिसला की पोरं हाळी द्यायची, "माच आली, माच आली." बाजारातले बागवानसुद्धा माच म्हणू लागले.

माघातल्या चतुर्थीला आम्ही बैलगाडीनं राजूरला गेलो. देवळाखालच्या मैदानात एका सर्कशीचा तंबू आल्ता. भाऊ गाडीवरून चढला, सीट मीच धरली. ही गर्दी जमली. सर्कशीचा मालक पुढं आला, बाजूला खुर्चीवर त्याची बायको, मागं पडद्यावर लांब मानेचं कसलं तरी जनावर रंगवलेलं. खेळ पाहून मालकानं विचारलं, "नाम क्या रखा है इसका?"

भाऊ खाली उतरला होता, त्याच्या हातात खण-नारळ होता. मी पदर सावरून दोन पावलं पुढं झाले. तो माझ्या अंगावरून गेला, खण-नारळ त्या बाईच्या ओटीत घातला अन् म्हणाला, "नाव तर बाईसाहेबच ठेवतील." ती खूश झाली. तिनं पडद्याकडं बोट केलं. "जिराफ." लोकांनी टाळ्या पिटल्या. मी पुढं टाकलेली पावलं मागं घेतली. त्याच दिवशी तो सर्कशीबरोबर गेला, गाडी मी एकटीनं परत आणली.

अशी कित्येक वर्षं गेली. मायही गेली. पुढं रझाकाराच्या धामधुमीत सर्कस मोडली अन् हा एका पायानं लंगडत घरी आला. सायकल कुठं इकली का टाकली, देव जाणे. एका सकाळी माचेखाली येऊन उभा राह्यला, हातात नवा कोरा खण.

"आक्का, तुझा मान राह्यला होता."

"कोणाच्या बारशाचा रे? लेकरू कुठंय?"

तो चिडला. "तुला काय जातंय बोलायला? वर चढायचं मला होतं. एवढ्या उंचावर, असलं नाव घेऊन... जीव भितोच ना माणसाचा."

"सीट धरायला माझा हात चालत होता, अन् नावाला चालला न्हाई?"

"भ्याव काय आजचं हाय व्हय? पोरीच्या बारशालाही मीच मायला म्हणलो होतो, आक्काला मागं बसव म्हणून. ती बिचारी न्हाईच म्हणत होती." बोलून गेला अन् त्याचं त्यालाच कळलं. खण फळीवर ठेवून लंगडत धुऱ्यानं निघून गेला.

मी गोफण खाली ठेवली. मायनं एका शब्दानं लेकाचं नाव घेतलं न्हवतं. माझा तुटकपणा सोसत, मी मान खाली घालून जेवत असता ती भाकर वाढत राह्यली. खण मी माचेच्या मेढीला बांधला, पाखरं तरी भितील. माझं ठेवलेलं नाव त्यानं राजूरला टाकलं ते टाकलं. त्याच्या आधीच त्यानं माझी माय नेली होती, अन् ती असताना मला ते कळलंसुद्धा न्हाई.