टँकरच्या ड्रायव्हरजवळ दिलेला निरोप

"महिनाअखेरीला त्या पोरीला मोकळी करा," डेअरीचे चेअरमन मला फोनवर म्हणाले. "शेतकरी कुरकुर करत्यात. लई झालं लाड."

पोरगी म्हणजे पल्लवी, अवसरी बुद्रुकच्या आमच्या चिलिंग सेंटरची केमिस्ट. गावोगावचं दूध इथे तपासतात, थंड करतात आणि टँकरने पुढे पाठवतात. मी तिथला मॅनेजर. दुधात एसएनएफ, म्हणजे पाणी आणि फॅट सोडून उरणारा भाग, कमी लागला की पल्लवी स्वतः शेतकऱ्याला फोन करायची. गाईला काय घालता, पाणी किती पाजता, सगळं विचारायची. तीन महिन्यांपासून मात्र नुसती स्लिप देत होती. काहीही सांगा, उत्तर एकच: "ओके सर." नोकरी न सोडता मन काढून घेण्याला क्वायट क्विटिंग म्हणतात, असं माझ्या मुलीनं मला समजावलं.

पोरगी हुशार होती. तिला घालवायची माझी अजिबात इच्छा नव्हती. म्हणून आमच्याकडचा कुठलाही शहाणा मॅनेजर करेल तेच मी केलं. तिचे वडील, लोणीचे शेतकरी, बेल्ह्याच्या बाजारात गाय बघायला येणार होते. तासभर गाडी चालवत तिथे जाऊन त्यांना गाठलं.

"पावणं, पल्लवीचं कामात मन नाही. जरा समजावा."

ते उलट मलाच म्हणाले, "सायेब, आमीच तुमच्या निरोपाची वाट बघतोय. दुसरा केमिस्ट गेल्यापास्नं ती एकटी दोघांचं काम करती. मदतीला माणूस द्या म्हणून तुमच्या टँकरच्या डायवरापाशी निरोप धाडला व्हता. उत्तर न्हाई आलं. मग ती म्हनली, आता माझ्या वाटणीचंच करते."

परत आल्या आल्या ड्रायव्हरला धरलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "तुमचा मूड बघून सांगनार व्हतो, सायेब."

तीन महिने त्याला माझा मूड सापडला नव्हता.

पल्लवीला केबिनमध्ये बोलावलं. "अगं, थेट मला का नाही सांगितलंस?"

"सर, इंटरव्ह्यूत तुम्ही सगळे प्रश्न पप्पांनाच विचारलेत. मी शेजारीच बसले होते. मला वाटलं, इथली पद्धतच अशी."

मला खरोखर लाज वाटली. त्यात, वडिलांना बाजारात भेटून आलो हे सांगितल्यावर ती चांगलीच चिडली. "सर, मी सव्वीस वर्षांची आहे! माझ्या कामाचं माझ्याशी बोला ना." तीन महिन्यांत पहिल्यांदाच ती माझ्याशी इतकं बोलली. ऐकून बरं वाटलं.

चेअरमनना समोर जाऊन सांगितलं, "तिला काढायचं नाही. अजून एक माणूस घ्यायचा. चूक माझी आहे."

"मग तुमाला काढू का?" ते म्हणाले, आणि हसले. पुढच्या महिन्यात नवा केमिस्ट आला. पल्लवी पुन्हा शेतकऱ्यांना फोन करून पेंडीवरून झापू लागली.

तिचं टेबल माझ्या केबिनपासून दहा पावलांवर आहे. मी तिथे बेल्ह्यावरून गेलो.