फुकटात मिळालेली खोली

हैदराबादला समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला एक काम होतं. गटाने एखाद्या वस्तीत जायचं, तिथल्या लोकांना काय हवं ते समजून घ्यायचं आणि एका ट्रस्टकडे अनुदानासाठी प्रस्ताव पाठवायचा. आमच्या गटात तिघं होतो. मी, कुकटपल्लीतच वाढलेली एक तेलुगू मैत्रीण, आणि अफझलगंजकडून बस बदलत येणारा एक मित्र. तो दख्खनीत दोन वाक्यं बोलला की कुणीही त्याला चहा पाजायचं.

कुकटपल्लीच्या मागच्या अंगाला बंद कारखान्यांची रांग आहे. तिला लागून असलेली वस्ती आम्ही निवडली. बरीच घरं मराठवाड्यातून आलेली, माझ्या घरासारखीच बौद्ध. बाया सकाळी ऑफिसांत झाडपुसीला जायच्या आणि लहान लेकरं शेजारणीवर सोडायच्या. बालवाडी हवी यावर सगळ्यांचं एकमत झालं. जागा मात्र नव्हती. तेवढ्यात त्या कारखान्यांतल्या एका शेडच्या मालकाने स्वतःहून निरोप पाठवला, पुढची खोली वापरा, भाडं नको. आम्ही त्याला भेटलोही नव्हतो.

खोली ऐसपैस होती. मागच्या भिंतीत एक दार होतं, त्याला कुलूप. मित्राने वॉचमनला विचारलं, "चाचा, उधर क्या है?"

"पुराना सामान. वो दरवाजा नक्को छेडो," तो म्हणाला आणि फाटकापाशी जाऊन उन्हात बसला. एवढ्या उन्हाळ्यात तो कधी शेडच्या सावलीला आला नाही.

प्रस्तावात दाखवायला काहीतरी हवं म्हणून आम्ही लगेच वर्ग सुरू केला. खोलीत गोडसर वास यायचा, नखांना लावायच्या रंगासारखा. मैत्रीण म्हणाली, जुन्या रंगाचा असेल, जाईल. मुलांना बिस्किटं दिली की चटईभर चुरा सांडायचा आणि दुसऱ्या दिवशी तसाच असायचा. एक मुंगी फिरकलेली नसायची.

मुलं शहाण्यासारखी बसायची. पहिल्या दिवशी भिंती डोक्यावर घेणारी पोरं नंतर गाणंही पुटपुटल्यासारखं म्हणू लागली. आम्हाला ते आमचंच यश वाटलं. मैत्रिणीने प्रस्तावात लिहिलं, ‘मुले वर्गात शांत बसू लागली आहेत.’

एका मुलीची आई मला रस्त्यात भेटली. "ताई, तुमच्याकून आली की लेकरू जेवत न्हाई. निस्तं झोपतंय."

"खेळून दमत असेल," मी म्हणाले.

त्या दुपारी वारा सुटला. धूळ आत येऊ लागली म्हणून आम्ही खिडक्या लावून घेतल्या. जरा वेळाने मी हजेरी घेतली. त्या मुलीने ओ दिली नाही. ती भिंतीला टेकून झोपली होती. मी हलवलं, तिचं डोकं माझ्या हातावर कलंडलं. तोंडावर पाणी मारलं तरी डोळे उघडेनात. मित्राने तिला उचललं आणि रस्त्यावर धावत जाऊन रिक्षा थांबवली. मैत्रिणीने उरलेल्या मुलांना ओढत बाहेर काढलं. दोघं दारातच ओकली.

दवाखान्यात मुलीला ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाईंनी तिचे कपडे हुंगले आणि आमच्याकडे वळल्या. "तुमचं डोकं दुखतंय?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तिघांचंही दुखत होतं, रोजच. मला ते उन्हाने वाटत होतं, मित्राला बसच्या धक्क्यांनी, मैत्रिणीला जागरणाने. कुणी कुणाला बोललं नव्हतं.

संध्याकाळी मुलीने आईला ओळखलं. आम्ही तसेच पोलीस चौकीत जाऊन तक्रार लिहून दिली. तपासायला त्यांचा माणूस दोन दिवसांनी आला. कुलूप तोडायची गरजच पडली नाही, मागचं दार सताड उघडं होतं. खोली रिकामी, फरशी धुतलेली, भिंतींना ताजा चुना. फरशीवर फक्त गोल गोल डाग राहिले होते, पिंपं ठेवल्याचे. एका डागाखालची फरशी भुसभुशीत झाली होती आणि तो ओघळ दाराखालून आमच्या चटईच्या जागेपर्यंत आला होता.

"आता इथे काहीच नाही," तो माणूस म्हणाला. फाटकावर वॉचमनही नव्हता. मालकाचा फोन लागला नाही. पुढे बालवाडी असली की मागे काय ठेवलंय हे कुणी विचारत नाही, म्हणूनच त्याने खोली फुकट दिली असावी. पिंपांत काय होतं आणि ती कुठल्या वस्तीशेजारी नेऊन ठेवली, हे आम्हाला आजवर कळलेलं नाही.

प्रस्ताव आम्ही नव्याने लिहिला. शांत बसणाऱ्या मुलांचं वाक्य मैत्रिणीने स्वतः खोडलं. वस्तीने विहाराचा ओटा दिला, ट्रस्टने अनुदान दिलं आणि बालवाडी सुरू झाली. पहिल्या दिवशी पोरांनी इतका दंगा केला की मला रडूच आलं.

ती मुलगी मात्र आली नाही. मी बोलवायला घरी गेले.

"तुमच्यावर राग न्हाई, ताई," तिची आई म्हणाली. "पण आता डोळ्याआड करवत न्हाई."

ती लेकीला कामावर सोबत नेते. वरच्या मजल्यांवर मुलांना सोडत नाहीत, म्हणून मुलगी तळघरात, गाड्या लावतात तिथे, खांबाशी बसून असते. मी एकदा पाहून आले. एकामागून एक गाड्या सुरू होत होत्या, धूर वर जायला वाट नव्हती, आणि ती गुडघ्यांवर डोकं टेकून झोपली होती. मी तिला हाक मारली. ती डोळे उघडेपर्यंत मी हाका मारत राहिले.