कानसेन आणि मुका पंप

गॅरेजवाल्याला सगळे कानसेन म्हणत. खरं नाव दुकानाच्या फलकावर होतं, पण फलक वाचतो कोण? तीस वर्षांत त्यानं उपकरण म्हणून एकच वस्तू मानली, ती म्हणजे हातभर लांब स्क्रूड्रायव्हर. टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे. मग गाडीचं दुखणं सांगूनच डोळे उघडायचे. निम्मी माणसं गाडी दाखवायला येत, निम्मी हा सोहळा बघायला. त्याचं पोट या कानावर चाले, आणि ऐटही.

जोडीला त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. तो गाडीला वायर लावून पडद्यावर बिघाड वाचायचा. त्या पडद्याला कानसेन पाटी म्हणायचा.

मंगळवारी सकाळी एक टॅक्सीवाला हायब्रिड गाडी घेऊन आला. चढ लागला की लाल दिवा पेटतो आणि गाडी मान टाकते, ही तक्रार. मेहुण्यानं वायर लावली.

"काय म्हणते पाटी?" कानसेननं विचारलं.

"इन्व्हर्टर तापतोय."

अशा गाडीची तहान दोन ठिकाणी असते. इंजिनाचं थंडाव्याचं पाणी, म्हणजे कूलंट, वेगळं, आणि बॅटरीची वीज मोटरला पोचवणाऱ्या इन्व्हर्टरचं वेगळं. हे दुसरं कूलंट फिरवायला मुठीएवढा, विजेवर चालणारा पंप असतो.

"दाजी, आधी टाकीत डोकावून बघू, कूलंट फिरतंय का."

"डोळे सगळ्यांनाच असतात रे," कानसेन म्हणाला आणि पंपाला स्क्रूड्रायव्हर टेकवला. गाडी चालू होती. त्यानं मूठ आणखी दाबली, कानामागचं हाड दुखेपर्यंत. "मेलाय. धुगधुगीसुद्धा नाही."

नवा पंप आला, बसला, कूलंट भरलं. कानसेननं पुन्हा डोळे मिटले. हाही मेलेला. "दुकानदारानं सडका माल गळ्यात मारला," म्हणून त्यानं मेहुण्याला परत पिटाळलं. दुकानदारानं पंप बदलून दिला, पण वर टोमणा हाणलाच, "तुमच्याकडे पंप काय मरायलाच येतात?"

तिसराही मुका निघाला.

आता मात्र मेहुण्यानं न विचारता टाकीचं झाकण काढलं. आत कूलंट छान घुसळत होतं.

"दाजी, हा चालतोय."

"कुठे चालतोय?"

"गुणगुणतोय की! मला इथून ऐकू येतंय."

कानसेन त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. मेहुण्यानं काढून ठेवलेला पहिला पंप उचलला, त्याच्या दोन वायरी बॅटरीला जोडल्या आणि पंप दाजींच्या तळहातावर ठेवला. तळहाताला मुंग्या आल्या. कानसेननं तो उजव्या कानाला लावला, मग डाव्या. मेहुण्यानं तोंड फिरवलं.

दोष पंपाचा नव्हताच. टॅक्सीवाल्यानं मागे एकदा स्वतःच कूलंट भरलं होतं, तेव्हा नळीत हवा अडकली होती. दोनदा खोल-भर करण्यात ती आपसूक निघून गेली. जुनाच पंप परत बसवला. टॅक्सीवाला चढावर फेरी मारून आला आणि हात उंचावून म्हणाला, "मानलं, कानसेन! चौघांना दाखवली होती. तुम्ही नुसता कान लावलात!"

कानसेन अंदाजानं हसला.

टॅक्सी गेल्यावर तो जुन्या टायरवर बसला. वर्षभर तो तक्रार करत होता, की हल्ली लोक पुटपुटतात, हॉर्नसुद्धा पूर्वीसारखे दणदणीत राहिले नाहीत. जग एकाएकी इतकं सभ्य कसं झालं, हे त्याला आत्ता कळलं. मग त्याला बायको आठवली. चार महिन्यांपूर्वी ती गेली. शेवटचे आठ दिवस दवाखान्यात तिचे ओठ हलायचे. बघवायचं नाही, म्हणून तो चादर नीट करून खिडकीशी जाऊन उभा राहायचा. "बिचारीचा आवाजच गेला," असं त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं. दुःखात माणूस काहीबाही बोलतो, असं समजून मेहुण्यानं ते कधी खोडलं नव्हतं.

"ए, तुझी ताई बोलत होती का रे? दवाखान्यात?"

मेहुणा पाने पुसत होता. खाली बघूनच तो काहीतरी म्हणाला.

"मान वर कर. मोठ्यानं बोल."

"हो, दाजी. बोलत होती."

"काय म्हणायची?"

"राहू द्या ना."

"सांग म्हणतो ना!"

उशीजवळ वाकून ऐकलेलं बोलणं मेहुण्याला भर दुपारी रस्त्यालगत ओरडून सांगावं लागलं. "'हे माझ्याशी बोलत का नाहीत? रागावलेत का?' असं विचारायची!"

शेजारच्या पंक्चरवाल्याची हातोडी थांबली.

"मग तू काय सांगितलंस?"

"दमलेत म्हणालो."

"काय?"

"दमलेत! दमलेत म्हणून सांगितलं, दाजी!"

कानसेननं हातातली तेलकट चिंधी उगाच घडी घालून गुडघ्यावर ठेवली. "पटलं तिला?"

मेहुण्याला यावेळी ओरडावं लागलं नाही. त्यानं नुसती मान हलवली. नाही.