पाठमोरी

ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. मुलगा हवाई दलात होता, त्याची लखनौला बदली झाली आणि मी त्याच्याकडे राहायला गेले. एकदा सून कुर्ता घ्यायला हजरतगंजात निघाली, तिच्याबरोबर मीही गेले.

कपड्यांच्या दुकानाबाहेर फुटपाथवर एक माणूस स्वतः काढलेली चित्रं विकत बसला होता. दोरीला चिमटे लावून टांगलेली. रिक्षावाला, पोलीस, बुरख्यातली बाई, सगळी पाठमोरी. एकालाही चेहरा नाही. मला राहवेना.

"मुँह बनाना नहीं आता क्या?"

"आता है, अम्मा. मगर सामने से तो इस शहर में सब तमीज़दार हैं. पीठ बेचारी क्या तमीज़ करेगी?"

शेवटच्या चिमट्याला मीच होते. नऊवारी, हातात पिशवी. त्या बाजारात दुसरं कोण नऊवारी नेसतंय? आदल्या आठवड्यात मी तिथून गेले होते, तेव्हा पाहिलं असणार. न विचारता काढलं याचा राग नाही आला. पण कासोटा त्याने बाहेर लोंबता काढला होता, शेपटासारखा. हे चित्र कुणी घरी नेऊन लावलं, तर आमच्या बायका लुगडं सुटलेलं घेऊन फिरतात असं त्या घराला वाटणार.

"ये उतारो. ऐसा चार कदम में छूट जाएगा. पीछे खोंसते हैं, कस के."

"तो चलकर दिखाइए."

सुनेने माझा हात ओढला. "आई, चला ना, लोक बघतायत."

"बघू देत."

त्याच्याकडे पाठ करून मी पानवाल्यापर्यंत गेले आणि आले. पुन्हा गेले. तिसऱ्यांदा तो म्हणाला, ज़रा धीरे. मग त्याने जुना कागद फाडला आणि नवा दाखवला. कासोटा चोख होता. डावा खांदा मात्र उजव्यापेक्षा दोन बोटं खाली.

"ये कंधा टेढ़ा है."

"वह तो आपका ही है, अम्मा."

मी सुनेकडे पाहिलं. ती दुकानाच्या काचेतले कुर्ते बघायला लागली.

"खरंय का गं?"

"हो आई. बरीच वर्षं."

"मग बोलली नाहीस ती?"

"तुम्हाला कोण सांगणार!"

मी कागद पुन्हा नीट पाहिला. स्वतःची पाठ तोवर कधी पाहिली नव्हती. लुगडं बरोबर होतं, आणि खांदा माझाच होता तर त्याला तरी काय म्हणणार.

"लगाओ," मी म्हटलं. त्याने ते चित्र दोरीवर लावलं.