कर्ज नसलेला माणूस

जळगावच्या एमआयडीसीत नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, प्लॅस्टिकच्या चटयांचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं इतकंच. पत्र्याची एक शेड, विणकामाचे सहा लूम, आणि चटयांच्या कडा शिवणाऱ्या चार बायका. सगळं त्यांनी पै-पै साठवून उभं केलं. पहिल्या लूमसाठी आईच्या पाटल्या गेल्या, दुसऱ्यासाठी ते चार वर्षं थांबले. बँकेचं कर्ज मात्र कधी काढलं नाही. "कर्जवाल्याला सुट्टीच्या दिवशीही झोप लागत नाही," म्हणायचे. मला नोकरी लागली ती नेमकी बँकेत, धुळ्याला, तीही कर्ज विभागात. याचं त्यांना फार हसू यायचं.

लॉकडाऊन लागलं तेव्हा लग्नसराई तोंडावर आली होती. चटईचा वर्षाचा धंदा त्याच महिन्यांत होतो. तयार माल शेडमध्ये पत्र्याला टेकेल इतका रचलेला, आणि उचलायला कोणी नाही. नानांनी माणसांचे पगार थांबवले नाहीत. आधी पूर्ण दिले, मग निम्मे. लूमवरचा जुना कारागीर एरंडोलकडच्या खेड्यातला. तो आडवाटांनी मोटारसायकलवर यायचा आणि बंद मशिनांना तेल देऊन जायचा.

त्याच उन्हाळ्यात सरकारने धंदे वाचवायला योजना आणली. बँकेने कर्ज द्यायचं, जास्तीचं तारण मागायचं नाही, बुडालं तर सरकार भरून देणार. आमच्या शाखेला वरून रोज फोन यायचा, आज किती फायली झाल्या म्हणून. मी ग्राहकांना फोन करायची, या आणि सही करा. शिंदखेड्याचा एक जिनिंगवाला सही करताना रडला. त्याची कापसाची जिनिंग त्या पैशांवर तगली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. दुसरा एक पाइपचा कारखानदार म्हणाला, "मॅडम, मला तर गरज नाही. पण तुम्हीच देताय, तर नाही कशाला म्हणू?" त्याची फाइल एका दुपारीत झाली.

त्या आठवड्यात नानांचा फोन आला. तब्येत, पाऊसपाणी, सगळं विचारून झालं तरी ते फोन ठेवेनात. शेवटी म्हणाले, "बेटा, टीव्हीवर सांगत होते, छोट्या धंदेवाल्यांना सरकार सांभाळून घेतंय. आपलं काही होईल का त्यात?"

उत्तर मला पाठ होतं. दिवसातून दहा वेळा मी ते लोकांना सांगत होते.

"नाना, ते ज्यांच्यावर आधीचं कर्ज आहे त्यांना मिळतं. त्या कर्जाच्या हिशोबानेच नवीन देतात."

"आणि ज्याच्यावर कर्जच नाही?"

"त्याला त्यात काही नाही."

ते म्हणाले, "बरं. तू जेवली का?"

मी रजा काढून जळगावला गेले. म्हटलं, योजनेतलं नाही तर साधं कर्ज तरी मिळेल. नानांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, कागदांची पिशवी घेतली, आणि आम्ही त्यांचं खातं असलेल्या बँकेत गेलो. समोरचा अधिकारी माझ्याच वयाचा, वागायला चांगला. त्याने नानांचा पॅन नंबर कॉम्प्युटरवर टाकला, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, तुमची तर काही हिस्ट्रीच नाही."

नानांना कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ज्याने कधी कर्ज घेतलं नाही, त्याने ते फेडलंय की नाही याची नोंद कशी असणार, एवढाच त्याचा अर्थ. मी तो सांगितला. सांगताना मला कुठे पाहावं ते समजत नव्हतं, कारण हेच वाक्य मी माझ्या टेबलावरून कितीतरी जणांना ऐकवलं होतं.

बाहेर पडून आम्ही घरी निघालो. मेहरूणला घराच्या गल्लीत वळलो तेव्हा नाना म्हणाले, "बत्तीस वर्षं विजेचं बिल एकदाही चुकलं नाही. ते कुठे लिहून ठेवत नाहीत का?"

अर्ज तरी देऊन आलो होतो; तीन आठवड्यांनी फाइल परत आली. मागच्या महिन्यांत विक्री नाही, असं कारण होतं.

दिवाळीआधी नानांनी लूम विकले. घेणारा त्यांच्याच मागच्या गल्लीतला चटईवाला होता. त्याच्यावर मोठं कर्ज होतं, म्हणून त्याला योजनेचे पैसे मिळाले होते. माणूस भला. भाव पाडून मागितला नाही, शिवणाऱ्या चारही बायकांना कामावर ठेवलं. जाताना म्हणाला, "नाना, मी तुमच्यापेक्षा हुशार नाही. मला मिळालं म्हणून मी उभा आहे."

मशिनं ट्रकवर चढताना एरंडोलचा कारागीर नानांजवळ आला. "नाना, मशीन आजूनबी चांगलं शे. इकू नका."

"चांगलं आहे म्हणूनच विकतोय," नाना म्हणाले. "इथे ठेवलं तर गंजेल."

तो त्या नव्या जागी गेला नाही. गावाकडे गेला, आणि पुढे त्याचा फोनही लागेना.

त्या वर्षी सर्वांत जास्त फायली केल्याबद्दल आमच्या शाखेचा सत्कार झाला. मलाही प्रमाणपत्र मिळालं. नानांना मी ते सांगितलं नाही. आईने सांगितलं असावं, कारण पुढच्या भेटीत त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि कशाचा ते बोलले नाहीत. शेड भाड्याने गेली. सकाळचे दहा वाजले की ते शर्ट घालून तयार व्हायचे, आणि मग ओट्यावर बसून राहायचे.

गेल्या वर्षी मी धुळ्यात घर घेतलं. साठवलेले पैसे पुरत होते, आणि नानांना ते आवडेल असं मला वाटलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"थोडं कर्ज काढ," ते म्हणाले.

"कशाला, नाना? लागत नाहीये."

"लागत नाही तेव्हाच काढ. कुठेतरी नाव असू दे."

मी काढलं. दर महिन्याच्या पाच तारखेला त्यांचा फोन येतो. "गेला का हप्ता?" मी म्हणते, गेला. मग ते बरं म्हणतात आणि फोन आईकडे देतात.