वरच्या मजल्यावरचं बाळ

आमच्या गल्लीत माझी ख्याती चौकशी खातं अशी आहे. नवीन बिऱ्हाड आलं की त्यांचा टेम्पो रिकामा व्हायच्या आत ते कुठले, खातात काय, सासू कुणाजवळ असते, हे मला कळलेलं असतं. यात मला वावगं काही वाटत नाही. माणसाला माणसाविषयी कुतूहल नसावं तर मग कशाविषयी असावं? आमचे हे सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झाले. त्यांना माझा हा स्वभाव अजून सोसत नाही. विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही, ही त्यांची शिस्त.

तर आमचा वरचा मजला आम्ही टांझानियाच्या एका जोडप्याला भाड्याने दिला, तेव्हा माझी चंगळच झाली. तो इथल्या, कराडच्या, इंजिनिअरिंग कॉलेजात पीएच.डी. करायला आला होता आणि ती नुकतीच त्याच्या मागून आली होती, पोटुशी. त्याला इंग्रजी फर्डं येई आणि हिंदी कामापुरती. तिची हिंदी नुकतीच सुरू झाली होती. माझी हिंदी छावण्यांमधली, खडबडीत, पण आमचं जमलं. गच्चीवर ती धुणं घालायची आणि गायची, मी मिरच्या निवडत बसायची. चपातीला त्यांच्याकडे चपातीच म्हणतात आणि चहाला चायच, हे कळलं तेव्हा मी खाली येऊन ह्यांना दोनदा सांगितलं. कच्ची केळी ती नारळाच्या दुधात शिजवायची. डोक्यावर बारीक वेण्या घालायला तिला अख्खी दुपार लागायची आणि मी त्यातली एक वेणी घालून पाहिली, तर ती हसून हसून खाली बसली. मला तिचं हसणं फार आवडायचं.

मग तिला मुलगी झाली. बाळंतपण कराडातच झालं, नीट झालं. दवाखान्यातून ती घरी आली आणि गल्ली वाट बघायला लागली.

आमच्याकडे सुवेर असतं तोवर, म्हणजे पहिले दहा-बारा दिवस, घरच्यांशिवाय कुणी बाळंतिणीकडे जात नाही. मग बारसं होतं, घरोघर बोलावणं जातं, बायका झबलं-टोपडं घेऊन येतात, पाळणा म्हणतात, घुगऱ्या ओटीत घेऊन घरी जातात. त्यानंतर कुणीही कधीही जावं. पण त्या बोलावण्याआधी जाणं म्हणजे घुगऱ्यांसाठी जीव टाकल्यासारखं. समोरच्या आक्कांनी तर टोपडं शिवूनही ठेवलं होतं. त्या जैन, त्यांच्या घरचा गुळाचा व्यापार, आणि गल्लीतलं एकही बारसं त्यांच्यावाचून झालेलं नाही. मी त्यांना म्हटलं, जाऊन येऊया का? त्यांनी मान हलवली.

"बोलावलं न्हाई, मंग कसं जायाचं? त्येंच्यात चालतंय का न्हाई, कोण जाणं."

ह्यांचंही तेच. परदेशी लोकांना मध्ये मध्ये केलेलं आवडत नाही, त्यांनी बोलावलं की जा, म्हणाले. जिन्यापाशी जाऊन मी किती वेळा परत फिरले असेन, देव जाणे. मी, चौकशी खातं!

पण कान कुणी बांधून ठेवू शकत नाही. वर बाळ रडायचं आणि रडतच राहायचं. बाळ रडलं की आईचा आवाज येतोच, कुठल्याही भाषेत येतो. तो येत नव्हता. धुणं तो वाळत घालायचा. बाटलीतलं दूध तोच पाजायचा, कॉलेजला उशिरा जायचा आणि लवकर पळत यायचा. गच्चीवरचं गाणं बंद झालं होतं. मी त्याला जिन्यात विचारलं, तर तो म्हणाला, थकली आहे.

एका संध्याकाळी तो खाली आला आणि ह्यांच्याजवळ बसला. चहा तसाच ठेवून त्याने सांगितलं की बायको बाळाला घेत नाही. घेत नाही म्हणजे हातात घेत नाही, पोरीकडे बघतही नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असते, जेवण पुढे ठेवलं तर चार घास खाते. पुण्यात त्याच्या गावचा एक माणूस नोकरी करतो. महिनाअखेरीला तो आणि त्याची बायको मायदेशी निघाले आहेत, त्यांच्याबरोबर बाळाला आपल्या आईकडे पाठवायचं त्याने ठरवलं होतं. तिकडे निदान कुणी तिला कडेवर घेईल, म्हणाला. आणि हे सांगताना तो इतका शांत होता की मला त्याचीच भीती वाटली.

दोन महिन्यांचं पोर आईपासून तोडून समुद्रापलीकडे पाठवायचं? मी काही बोलणार तेवढ्यात हेच बोलले, आणि मला नवल वाटलं, कारण घरच्या गोष्टीत हे सहसा पडत नाहीत. ते म्हणाले, आमच्या पलटणीत सरहद्दीवरून आलेली चांगली धट्टीकट्टी पोरं अशीच भिंतीकडे तोंड करून बसायची. त्यांना आम्ही डॉक्टरकडे न्यायचो. ताप आला की नेतो तसंच. यात लाज कसली? आधी डॉक्टर, मग तिकीट.

सांगलीत मानसोपचार करणाऱ्या एक डॉक्टर बाई आहेत, ह्यांच्या जुन्या सहकाऱ्याची लेक. दोन दिवसांनी आम्ही गाडी करून निघालो. हे पुढे, ती मागे खिडकीशी, मध्ये तो, आणि बाळ माझ्या मांडीवर. उसाच्या ट्रॅक्टरांमागे गाडी रांगत होती. मी पहिल्यांदाच बाळाला इतकं जवळून पाहत होते. केस मऊ, दाट, तळवे गुलाबी, आणि डोळे असे की प्रत्येक गोष्टीचा जाब विचारतायत. माझ्याच जातीची दिसतेस, मी तिला मनात म्हटलं.

डॉक्टर बाईंनी भाषेची सोय आधीच केली होती. सांगलीत नर्सिंग शिकणारी केनियाची एक मुलगी त्यांनी फोनवर घेतली. दोन्ही देशांत स्वाहिली बोलतात, हे मला तेव्हा कळलं. त्या दोघी बराच वेळ बोलत होत्या, म्हणजे फोनमधली बोलत होती आणि आमची हुं हुं करत होती. मग डॉक्टरांनी आम्हालाही आत घेतलं, तिला विचारूनच. त्यांनी सरळ सांगितलं की बाळंतपणानंतर काही बायकांना हा आजार होतो, त्यात तिचा दोष नाही, आईपणात कमी नाही, औषधाने आणि माणसांनी तो बरा होतो. बाळ पाठवायची घाई करू नका, म्हणाल्या, पण निर्णय तुमचा. मग कागद बाजूला सारून त्यांनी विचारलं, घरी येतं-जातं कोण?

तो म्हणाला, इथले लोक फार चांगले आहेत, आम्हाला कुणी त्रास देत नाही.

"मग त्यांना सांगा," डॉक्टर बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "थोडा त्रास द्यायला."

परतीच्या वाटेवर मला राहवेना. मी त्याला विचारलं, तुमच्याकडे बाळ झालं की काय करतात? तो पहिल्यांदा मोकळा बोलला. म्हणाला, घर भरून जातं. आई, मावश्या, शेजारणी, सगळ्या. एक पाणी तापवते, एक तेल लावते, एक नाचणीची पेज करते, बाळंतीण चाळीस दिवस कशाला हात लावत नाही. मी म्हटलं, अगदी आमच्यासारखंच की! मग बोलावणं कधी करता? त्याला प्रश्नच कळेना. मी पुन्हा विचारला. तो म्हणाला, बोलावणं कशाचं? बाळ झालंय हे कळलं की लोक येतात. कुणी आलं नाही तर...

खिडकीकडे बघणारी ती तशीच बघत राहून, माझ्याशी, हिंदीत बोलली. मला तो आवाज ओळखू आला नाही.

"आंटी, कोई नहीं आया. बेबी में कुछ खराब है?"

मी बाळाला घट्ट धरलं. ती वर वाट बघत होती आणि आम्ही खाली वाट बघत होतो, मध्ये एक जिना. तिच्या गावी लोक न येण्याचा अर्थ एकच होतो, आणि तो अर्थ तिने पोरीच्या कपाळी लावला होता. मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला, कुणाचा ते कळेना. बेबी में कुछ खराब नहीं है, हम लोग खराब हैं, असं मी काहीतरी म्हटलं. तिला पटलं असं दिसलं नाही.

घरी आल्यावर मी तडक आक्कांकडे गेले. सगळं ऐकून त्यांनी शिवून ठेवलेलं टोपडं बाहेर काढलं. मग बाकीच्या बायका जमल्या आणि वाद लागला. एक म्हणाली, आता उशिरा बारसं करू आणि तिच्या नवऱ्यालाच बोलावणं करायला लावू. दुसरी म्हणाली, त्यांचं देव-धर्म वेगळं, बारसं कसं चालेल? बराच वेळ बोलावण्याभोवतीच सगळ्या फिरत होत्या. शेवटी आक्का उठल्या.

"मयताला कोण बोलावणं बघत बसतंय का? कळलं की उठतोय न्हवं आपन? मंग जल्माला आलेल्याला कशापाई?"

त्याच संध्याकाळी आम्ही जिना चढलो.

पहिली भेट फजितीचीच झाली. तो दाराशी इतक्या चपला बघून गांगरला आणि त्याने सगळ्यांना चहा करून दिला, त्यात साखर पाकासारखी. ती भिंतीकडेच तोंड करून होती. टोपडं उशाशी ठेवलं, तिने पाहिलं नाही. बाळ हातोहात फिरलं आणि एरवी बाळ बघितल्या बघितल्या ज्यांची तोंडं थांबत नाहीत त्या बायका मुक्या बसल्या. कपाटाच्या वर एक निळी बॅग भरून ठेवली होती, बाळाच्या प्रवासाची. सगळ्यांना ती दिसली.

मला वाटलं, संपलं, आता कुणी येणार नाही. पण दुसऱ्या दिवशी आक्का मेथीची जुडी घेऊन वर गेल्या आणि तिच्या पलंगापाशी खाली बसून निवडत राहिल्या. त्यानंतर रोज कुणी ना कुणी. कुणी लसूण सोलायला, कुणी वाती वळायला. घरचंच काम, फक्त वर बसून. आक्का बाळाला तेल लावून न्हाऊ घालायच्या. नवरा पहिल्यांदा घाबरला, पाय इतके कसे वळवतात म्हणून, पण अंघोळीनंतर बाळ दुपारभर झोपतं हे बघून तो कॉलेजला वेळेवर जायला लागला. केनियाची मुलगी संध्याकाळी फोन करायची. मी नाचणीची पेज न्यायची. ती आधी चमचाभर घ्यायची, मग वाटीभर. गोळ्या चालू होत्या, पुढेही बरेच महिने चालल्या. दिवसादिवसाने काही फार बदललं असं नाही. एखाद्या दिवशी ती उठून केस विंचरायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोंड फिरवायची. बाळाला तेवढं हात लावत नव्हती. पुण्याचे ते दोघं येत्या रविवारी बाळाला न्यायला येणार होते.

त्या आठवड्यातच, एका दुपारी, आम्ही चार-पाच जणी वर होतो. आक्कांनी बाळाला न्हाऊ घालून पलंगावर ठेवलं, आईच्या पाठीशी, आणि बोलता बोलता म्हणाल्या, नाक बापाचं घेतलंय बघा हिनं. मी म्हटलं, छे, नाक नाही, जिवणी बापाची आहे. दुसरी म्हणाली, कान बघा कान. आणि माझ्या लक्षात आलं की हे आम्ही पहिल्या दिवशी बोलायला हवं होतं. बाळ कुणावर गेलंय, हा तर आमचा पहिला प्रश्न असतो. तो त्या दिवशी आला नाही, कारण खरं सांगायचं तर आम्हाला तेव्हा ती माणसं सगळी सारखीच दिसायची. कोण कुणावर गेलं हे कसं ओळखणार? रोज रोज बघून आता कुठे चेहरा चेहऱ्यावेगळा दिसायला लागला होता. सगळ्या एकदम बोलायला लागल्या. डोळे आईचे, यावर एकमत झालं. हनुवटीवर झालं नाही. कपाळावरून तर भांडणच लागलं. आक्कांचा हट्ट, कपाळ बापाचं, असं रुंद. मी म्हणाले, अजिबात नाही, त्याचं कपाळ उतरतं आहे, हे सरळ आहे. त्यांनी बाळाच्या कपाळावर बोट टेकवून दाखवलं, मीही टेकवलं. भाषा येत नसली तरी कशावरून भांडतोय हे कुणालाही कळलं असतं.

पलंग करकरला. ती कुशीवर वळली होती. आमच्या बोटांकडे तिने पाहिलं, मग बोटांखाली पाहिलं. पोरीनेही तिच्याकडे पाहिलं, तेच जाब विचारणारे डोळे.

"नहीं," ती आक्कांना म्हणाली. "मेरी माँ का."

आक्कांनी विचारलं, काय म्हणते? मी सांगितलं की कपाळ तिच्या आईचं आहे म्हणते. आक्कांना काही ते पटलं नाही, ज्या बाईला पाहिलं नाही तिच्याबद्दल त्या एकदम कशा मान्य करतील? त्या म्हणाल्या, इथं अंधार हाय, नीट दिसत न्हाई. मी तेही सांगितलं.

ती उठून बसली. दोन्ही हात बाळाच्या पाठीखाली घातले, पोरीला उचललं, आणि आम्हाला नीट दिसावं म्हणून खिडकीशी घेऊन गेली.