पाणी कुठून येऊन राहिलं?

काल कॉम्प्युटरचा कॅबिनेट उघडला आणि गरम धुळीच्या वासासरशी अर्जुनी मोरगावचं घर आठवलं. सुटे भाग आणून माझा पहिला गेमिंग कॉम्प्युटर मी तिथंच जोडला होता. मला मोठा प्रोसेसर आणि साधा मदरबोर्ड हवा होता, पण गोंदियाच्या दुकानात बाबांनी जड, भक्कम बोर्डाचा डबा उचलला. "लाईट कशी झटके देते, मालूम आहे न तुले? बोर्ड पक्का घे, प्रोसेसर मंग बदलवजो." प्रोसेसर लहानच आला आणि परतीच्या गाडीत मी फुगून बसले. दुसऱ्या दिवशी खेळ लावला. लढाई आली की पडदा अडखळायचा, नुसतं चालत राहिलं तर मात्र सगळं पाण्यासारखं सरकायचं. बाबा भाताच्या बांधीतून चिखलाच्या पायांनी आले आणि पडद्यावरचा ओढा बघत राहिले. "हे पाणी कुठून येऊन राहिलं?" मग शत्रूंना सोडून आम्ही काठाकाठानं वर गेलो, उंच गवतातून, धुक्यातून, पार डोंगरातल्या तळ्यापर्यंत. "भरलं आहे," बाबा म्हणाले आणि निवांतपणे पाय धुवायला गेले. प्रोसेसर पुढं दोनदा बदलला, बोर्ड अजून तोच आहे. आजही नवा खेळ लावला की मी आधी तळं शोधते, आणि भरलेलं असलं तर घरी फोन करून बाबांना सांगते.